अकाशीचं माहेरपण

रेवसच्या धक्क्यावर आई रडली नाही. पडाव सुटताना यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिनं बजावलं, "पयलं बाळंतपण माझ्याच हातचं हाय. तवा हिला आणून घालायची." यांनी निमूट मान हलवली. मान हलवायला काय जातं?

थळला राहिलेल्या माझ्या बहिणींनो, तुम्हांला वाटत असेल ही जपानात सुखात लोळते आहे. हे कोबेच्या एका कापसाच्या पेढीवर कारकून. डोंगरउतारावर दोन खोल्या, कागदी दारं, आणि शेजारी माझ्याच वयाची हारू. तिला दिवस गेले, पाठोपाठ मलाही. पहिलटकरणीनं आईकडे जायचं ही रीत त्यांच्यातही आहे. हारू अकाशीला माहेरी गेली, आगगाडीनं तासाभराच्या आत. माझं माहेर समुद्रापलीकडे. पेढी यांना सोडेना, म्हणून आगबोटीचं तिकीट माझ्या एकटीचं काढलं होतं. पोटातलं हलायला लागलं तशी माझी घरात नुसती येरझार सुरू झाली.

शेवटी एका रविवारी यांनी मला हारूला भेटायला अकाशीला नेलं. आधी तिथला पडका किल्ला दाखवला. उंच दगडी तट, त्यावर उरलेले दोन पांढरे बुरूज, खाली खंदक. आपल्या कुलाब्याच्या किल्ल्यात ओहोटीला चालत जायचं, आणि गणपतीला हात जोडतोय तोवर बाबांचं सुरू, "भरती लागंल, उठा." ती सवय हाडात मुरलेली. अकाशीचा समुद्र पार गावाच्या पलीकडे, तरी माझं बूड टेकेना. डबा उघडला की मी उठायची.

"इथं पाणी येत नाही गं," हे हसून म्हणाले.

आत एक भलंमोठं जोतं होतं. त्यावर मुख्य इमारत उभारायची होती, ती कधी बांधलीच नाही म्हणे. एवढं जोतं घालून घर न बांधणारे लोक मला वेडेच वाटले. मग आठवलं, कोबेला येऊन इतके दिवस झाले तरी माझी निम्मी भांडी पेटीतच होती.

खाली गावात मासळीबाजार. बायका थेट आपल्या कोळणींसारख्या ओरडत होत्या. हारूचं घर त्या बाजारामागे. तिच्या आईनं मला बसवलं, पोटावर हात ठेवला आणि पांढरं सुती फडकं आणून पोटाला घट्ट गुंडाळलं. हारूलाही तसंच बांधलेलं होतं. मग तिची आई यांच्याशी बराच वेळ बोलली.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"दोघींचं इथंच करू म्हणतात." हे खाली बघत होते. "मीच विचारलं होतं. बोटीवर वाटेत काही झालं तर तुझ्याजवळ कोण आहे?"

म्हणजे किल्ला-बिल्ला सगळा बहाणा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. परतताना गाडीत मी यांच्याकडे पाठ करून बसले. पण खरं सांगते, बोटीची भीती मलाही होती. आईच्या शब्दापुढे ती बोलायची लाज वाटत होती.

तिकीट परत केलं आणि हारूचं, तिच्या आईचं सगळं लिहून आईला पत्र धाडलं. उत्तर येईना. मी अकाशीला जाऊन राहिले. हारूची आई वेळच्या वेळी भात वाढायची, केस विंचरायची, आणि ती जितकी माया करी तितकं मला चोरट्यासारखं वाटे. हारू मुलगा घेऊन मोकळी झाली. माझे दिवस भरत आले तरी थळहून एक ओळ नाही.

मग एक दिवस थळशेजारच्या किहीमचा एक माणूस दारात उभा राहिला. आगबोटीवर स्वयंपाकी होता. आईनं त्याच्याबरोबर अळीव आणि डिंक पाठवला होता, दोन पुरचुंड्या, दोन्हींत दोन्ही.

"काही बोलली का?" मी विचारलं.

"रागावलेली हाय. दोगींना सारखं दे म्हणाली, बाकी कायच न्हाय."

आता मला माहेरं दोन आहेत. एकीकडे असले की जीव दुसरीकडे ओढतो, आणि हे आता असंच राहणार. त्या दिवशी मी दोन्ही पुरचुंड्या मांडीवर घेऊन बसले. आईनं दोन्ही एकाच लुगड्याच्या चिंध्यांत बांधल्या होत्या, गाठीही सारख्याच. त्यातली तिच्या लेकीची कुठली, ते मला ओळखता येईना.