भोपळ्याच्या डोळ्यात दही

माझ्या भावाच्या पोरीने, सुरभीने, भोपळा केला तेव्हा ती अठराची होती आणि गावात कुणाच्या खिजगणतीतही नव्हती. आता लोक ‘आमची सुरभी’ म्हणून ओळख सांगतात. तेव्हा ‘रामरावची भंगारवाली पोट्टी’ म्हणत. मी तिची आत्या, वेणू. मी तिचीच बाजू घेणार, हे आधीच सांगून ठेवते. ज्याला तटस्थ माणूस हवा असेल त्याने दुसरीकडे विचारावं.

त्या वर्षांत कळंब तालुक्यातलं आमचं गाव दोन जीवांनी छळलं होतं. एक कापसाच्या बोंडात शिरणारी अळी आणि दुसरा वाघ. अळीसाठी एका कंपनीने आपोआप चालणारी फवारणीची यंत्रं आणली होती. विष माणसाच्या अंगावर उडू नये म्हणून यंत्रानेच शेतात फिरायचं, झाड पाहायचं आणि अळी दिसली की तेवढ्यावरच फवारायचं. चार चाकं, वर ही मोठी पिवळी गोल टाकी आणि पुढे एकच डोळा. ते विचार करायचं, बोलायचंसुद्धा. पण अळीने त्यालाही दाद दिली नाही. कंपनीने गाशा गुंडाळला आणि यंत्रं शाळेमागे गंजत पडली.

वाघाला तर कंपनी नव्हतीच. वाकून कापूस वेचणारी बाई त्याला जनावर वाटायची. दोन गावांत त्याने तशी झडप घातली आणि बाया शेतात जाईनाशा झाल्या. बोंडं फुटून कापूस झाडावरच लोंबायला लागला. माझं सासर आणि माहेर यांच्यामध्ये त्या वाघाच्याच जंगलाचा पट्टा होता. फिरून जायच्या वाटेवरचा पूल पावसात वाहून गेलेला. आणि जंगलातल्या पांदणीने, त्या चिखलाच्या वाटेने, कोण गाडीवाला येतो?

अशात माझं पहिलं बाळ गेलं. कळा सुरू झाल्या तेव्हा माय पट्ट्याच्या पलीकडे अडकली होती. नवऱ्याने फोन लावून दिला आणि मी फोनवरच तिला हाका मारत राहिले. त्या दिवसाचं मला जास्त सांगवत नाही. तिकडे माहेरी फोन सुरभीच्या हातात होता, तिने सगळं ऐकलं. मला पुन्हा दिवस गेले तेव्हा ती एवढंच म्हणाली, “आत्या, या वेळी आजी तुह्याजवळ असल. मी पोचवतो तिले.”

सुरभी लोहाऱ्याच्या एका कारखान्यात काम शिकायला जायची. तिथून तारा, बॅटऱ्या, असलं काहीबाही आणायची. शाळेमागच्या यंत्रांपैकी एकात विष कधी भरलंच गेलं नव्हतं. त्याची टाकी तिने वरून कापली, झाकण केलं, पाहायला भोक ठेवलं आणि आत कापसाची गादी घातली. रामराव, तिचा बाप, डोक्याला हात लावून बसला. “बाप लेकीच्या सोयरिकीचं पाहून राह्यला, अन् लेक भोपळा कोरून राह्यली!”

भोपळा हे नाव असं पडलं. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परत येणारी म्हातारी आमच्याकडे पोरापोराला ठाऊक असते. गोष्टीतली म्हातारी येताना भोपळ्यात बसते. माझी माय जातानाच बसली, कारण आमच्याकडचा वाघ तूपरोटीपर्यंत थांबणारा नव्हता.

यंत्र आधी पुस्तकातलं बोलायचं. “कृपया मार्गातील अडथळा दूर करावा.” माय त्याच्याकडे बघतच राही. “कोन्या गावचं पाहुनं आनलं वो हे?” मग सुरभीने त्याला आपली बोली शिकवली. एक गोष्ट मात्र तिने पक्की केली: यंत्र फक्त तिचंच ऐकेल. आजी त्याला भलतेच हुकूम सोडेल, ही तिची भीती खोटी नव्हती. तुळसाबाई म्हणजे माझी माय टीव्हीलाही आवाज कमी कर म्हणून तोंडाने सांगते.

मला कळा सुरू झाल्या त्याच सकाळी नेमकं माझ्या माहेरी सीतादही होतं. कापसाची वेचणी सुरू करायच्या आधी शेताची पूजा करायची, दहीभात चहूकडे शिंपडायचा आणि मगच पहिलं बोंड तोडायचं, अशी आमच्याकडची रीत. बाया येवोत न येवोत, मायने रीत सोडली नव्हती. फोन आला तेव्हा ती पूजा उरकून पहिला कापूस ओटीत घेऊन घरी आली होती. तो कापूस ती माझ्या बाळाच्या टोपड्यात भरणार होती.

सुरभी बॅटरी आणायला आत पळाली. तेवढ्यात मायच्या मनात आलं की शेताला दिलं, बैलांना दिलं आणि जो मला जंगलातून नेणार तोच उपाशी? तिने टाकीला कुंकू लावलं आणि मूठभर दहीभात यंत्राच्या तोंडावर शिंपडला.

“आजी, हे काय व?” यंत्राने विचारलं.

“परसाद हाय. गुमान घे.”

त्याने गुमान घेतला. सुरभीने त्याला सगळं शिकवलं होतं, तक्रार करायला शिकवलं नव्हतं. भात गळून पडला, पण दह्याचा लेप डोळ्यावर राहिला. बॅटरी लावायच्या घाईत तो कुणाच्याच लक्षात आला नाही. जसजसं ऊन चढलं तसतसं दही वाळत गेलं आणि ऐन जंगलात भोपळा थांबला.

“आजी, मले दिसून नाही राह्यलं.”

मायने भोकातून पाहिलं. पांदणीच्या वळणावर वाघ बसला होता.

मायजवळचा फोन चालूच होता. तिकडे घरी सुरभीने आणि रामरावने सगळं ऐकलं. चाकांना आलेली वाट पाठ होती. डोळा नसला तरी यंत्र उलटं चालत घरी परत येऊ शकत होतं. रामराव ओरडला, “वापस आन माह्या मायले!” सुरभीने मायला विचारलं.

“वापस येऊ?” माय म्हणाली. “अन् वेनूले काय सांगू? याले दिसत नसल, मले तं दिसते ना.”

सुरभी मला नंतर म्हणाली, “आत्या, मले आजीवर भरवसा नव्हता असं नाही. मले माह्या मशीनवर भरवसा नव्हता.” आजी गेली असती तर त्या पोरीने जन्मभर स्वतःला माफ केलं नसतं. आणि आजी परत आली असती तर सुरभीने मला तोंड दाखवलं नसतं. शेवटी ती फोनमध्ये म्हणाली, “भोपळ्या, आता आजी सांगल तसं चाल.”

मायने उभ्या जन्मात बैल हाकले होते. तिने भोपळाही तसाच हाकला. “जरासा उजव्या अंगानं. हां. खड्डा हाय, सबुरीनं. आता सीधा चाल, लेकरा.” पुस्तकी यंत्र असतं तर तिथेच अडलं असतं. याला शब्दन् शब्द कळला. वाघ उठून टाकीजवळ आला. मायचं तोंड काही गप्प बसेना. “माह्या लेकीची येळ आली हाय. तुह्याशी बोलाले मले फुरसत नाही. हट तिकडं!”

वाघाने म्हणे यंत्राचं तोंड हुंगलं आणि दही चाटलं. लगेच भोपळा ओरडला, “आजी, समोर वाघ हाय!”

“आता सांगून राह्यला, मेल्या!”

चाटल्याचं एकटी मायच सांगते. सुरभी म्हणते, धक्क्याने दह्याचे पोपडे पडले असतील. मला मायचं खरं वाटतं. कसंही असो, डोळा उघडला, भोपळ्याने भोंगा वाजवला आणि वाघ झाडीत गेला.

आमच्या अंगणात पिवळी टाकी आली तेव्हा सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. नर्सबाई माझ्याजवळ होत्या, तरी मी दाराकडेच डोळे लावून पडले होते. माय आत आली आणि तिने माझा हात धरला. मी एवढी रडले की नर्सबाई म्हणाल्या, “अहो, जोर तिथे नका लावू.” ऊन उतरायच्या आत मुलगी झाली. मायने फोन तिच्या तोंडाशी धरला. या वेळी सुरभीने फोनवर बाळाचं रडणं ऐकलं आणि ती रामरावच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडली. रामरावने पुन्हा भोपळ्याला कधी नावं ठेवली नाहीत.

पुढच्या सीतादहीला मी लेकीला घेऊन माहेरी गेले. भोपळा शेताच्या बांधावर उभा होता. सुरभीने त्याला दुरून वाघ ओळखायला शिकवलं होतं. बाया आल्या होत्या, पण ओट्या बांधून नुसत्या उभ्याच होत्या. मायने शेतात दहीभात शिंपडला, मग भोपळ्याकडे वळली. लेकराच्या डोक्यावर पाणी घालताना धरतो तसा तिने एक हात त्याच्या डोळ्यावर धरला आणि दुसऱ्या हाताने दही शिंपडलं. मग हात काढला.

“दिसून राह्यलं का रे?”

“हो आजी. पार नाल्यापर्यंत दिसून राह्यलं. कोनीच नाही.”

बायांनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग एकेक करून कापूस वेचायला वाकल्या.