रिकाम्या नळीचे वाचन

रामनाथ निकम गेल्याचे सुमनवहिनींनी फोनवर सांगितले, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "खात्री केलीत?" त्या रडतच म्हणाल्या, "डॉक्टरांनी दोनदा पाहिलं, भाऊजी. तुम्ही दोघं अगदी सारखे!" ... सारखे आम्ही नव्हतो. मी माणसांवर संशय घेतो. रामनाथ आकड्यांवर घेत असे.

पंधरवड्याने कॉलेजात शोकसभा झाली. त्याचा एक माजी विद्यार्थी, आता बड्या पदावर असलेला, भाषणात म्हणाला, "सरांना स्वतःवर विश्वास नव्हता. म्हणून तर स्वीकारला गेलेला शोधनिबंध त्यांनी परत घेतला." त्या निबंधावर दुसरे नाव माझे होते. मी हरकत घ्यायला उठलो, तोच अध्यक्षांनी दोन मिनिटांचे मौन जाहीर केले. ते माझ्यासाठीच जाहीर झाले, याबद्दल मला आजही शंका नाही.

आमचे काम अमोनियावर होते. हवा काढून घेतलेल्या नळीत थोडा वायू सोडायचा आणि त्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा करायचा. आघाताने रेणूतला एखादा इलेक्ट्रॉन उडाला, की सबंध रेणू विद्युतभारित होऊन सतरा या वस्तुमानावर दिसतो. आघात जोरदार असेल तर हायड्रोजन तुटत जाऊन सोळा, पंधरा आणि अखेर चौदावर नुसता नायट्रोजन उरतो. किती ऊर्जेला कोणता तुकडा किती, हे आम्ही मोजत होतो. अडचण पाण्याची. नळीच्या भिंतींना चिकटलेले पाणीही त्याच माऱ्याने फुटते आणि त्याचा एक तुकडा नेमका सतरावरच उमटतो. म्हणून आधी रिकाम्या नळीचे वाचन घ्यायचे आणि ते नंतरच्या आकड्यांतून वजा करायचे, हा रामनाथचा दंडक.

"सतरावर अमोनियाच दिसतोय कशावरून?" तो विचारी.

"मग काय मी दिसतोय?"

"तू असतास तर आवाज झाला असता, आप्पा."

निबंध परत घेतल्याचे कळताच मी त्याला प्रयोगशाळेत गाठले. त्याची प्राध्यापकपदावरची बढती त्या निबंधावर अवलंबून होती. तो एवढेच म्हणाला, "सतराचे आकडे चुकलेत." अमोनियाचे सिलिंडर तेव्हा शोकसभेत बोललेला हाच विद्यार्थी हाताळीत असे. "कोणाला पाठीशी घालतोयस?" मी विचारले. रामनाथ नुसता हसला... आणि प्रपाठक म्हणूनच निवृत्त झाला. ढिलाई त्या विद्यार्थ्याची, हे मी तेव्हापासून चारचौघांत सांगत आलो.

सभेनंतर वहिनी म्हणाल्या, की तो विद्यार्थी ह्यांच्या जुन्या वह्या मागून गेला. "देऊ नका," मी बजावले. "पुरावा नाहीसा करील." आणि गंगापूर रोडच्या त्यांच्या घरी, त्याच दुपारी, मी स्वतः वही उघडली.

निबंधातले सतराचे आकडे ज्या दिवशी घेतले, त्या दिवसाच्या पानावर अक्षर माझे होते. रिकाम्या नळीचे आकडे आदल्या दिवसाच्या आकड्यांशी शेवटच्या स्थानापर्यंत जुळत होते. ते जुळणे शक्यच नव्हते. आदल्या संध्याकाळी इलेक्ट्रॉन सोडणारी तार, फिलामेंट, बदलण्यासाठी आम्ही नळी उघडली होती. दमट हवा आत गेली होती. मला दिंडोरीला मुलगी पाहायला जायचे होते, बस गाठायची होती. मी वाचन घेतलेच नाही. जुने आकडे उतरवून काढले. इतक्या वर्षांत मला त्याची आठवणही उरली नव्हती, की मी ती उरू दिली नव्हती?

खाली निळ्या पेन्सिलीने रामनाथने आठवड्यानंतरची तारीख घालून लिहिले होते, की नळी पुन्हा तशीच उघडून, बंद करून मोजले. सतरावर पाणी दुपटीहून अधिक. माझे नाव कुठेही नव्हते.

वह्या त्या विद्यार्थ्याला द्या, असे मी वहिनींना सांगितले. हे पान वर ठेवून द्या, असेही सांगितले.

रामनाथने मला क्षमा केली होती, असे आता लोक म्हणतील. मला तेही मान्य नाही. त्या निबंधानंतर निवृत्तीपर्यंत तो रोज सकाळी माझ्या आधी प्रयोगशाळेत येत असे. मी पोचलो, की म्हणे, "तू गॅस सांभाळ, आप्पा. रिकामी नळी मी पाहिलीय." माझा हात गॅसवर चांगला बसला आहे म्हणून तो असे म्हणतो, अशी माझी समजूत होती.