मनगटावरचा दवणा

वीस वर्षं मी सदाशिव पेठेतून एका विमा कचेरीत नोकरीला जात होते आणि तेवढ्या काळात चैन म्हणाल तर एकच केली. रविवार पेठेतल्या एका दुकानातून दवण्याचं अत्तर घेत असे, अंबर मिसळलेलं. साड्या दोन वर्षं त्याच त्या नेसले असेन, पण कुपी कधी रिकामी ठेवली नाही.

लावल्यावर पहिली दहा मिनिटं ते अगदी हिरवं लागे, वेणीतला दवणा बोटांत चुरगळावा तसं, जरा कडू. कचेरीत पोचून हजेरीवर सही करेपर्यंत कडवटपणा जाऊन पिकल्या जर्दाळूचा वास सुटायचा. शेजारच्या टेबलावरची बाई विचारायची, डब्यात मुरांबा आणलाय का. फळ उतरलं की अंबर वर येई, उबदार, किंचित धुपासारखा, तो संध्याकाळच्या पोळ्या लाटेपर्यंत टिके. हेच अत्तर माझ्या जावेच्या हातावर तासाभरात काढ्यासारखं व्हायचं. दवणा ज्याच्या त्याच्या अंगावर वेगळा उतरतो, असं दुकानदार सांगायचे. जाऊ म्हणायची, दुकानदार काहीही सांगतात. मला मात्र ते पटायचं, कारण माझ्या अंगावर तो चांगला उतरत होता.

पन्नाशी गाठली त्या वर्षी नवी कुपी आणली, तर वास सहीपर्यंतही टिकेना. हिरवा कडूपणा तेवढा यायचा आणि मग काहीच नाही. मी ताबडतोब निदान केलं, भेसळ. निदान करायला मला कधीच वेळ लागत नाही. सोसायटीच्या भिशीत सात बायकांना सांगून टाकलं की तिथे आता नुसतं तेल विकतात, पायरी चढू नका. त्या दिवसांत मी सारखी दमायचे, जिन्यात दोनदा थांबायचे. दमण्याचं कारण मी वय ठरवलं होतं आणि नवऱ्याने त्याला लगेच दुजोरा दिला होता.

मग कुपी घेऊन भांडायला गेले. ऐन वैशाखातली दुपार. दुकानदार साठीचे, हळू बोलणारे. मी सुनावलं ते त्यांनी पुरतं ऐकून घेतलं. माझ्याच कुपीत काचेची काडी बुडवून आधी स्वतःच्या मनगटाला लावली, मग माझा हात धरून माझ्या. बसा म्हणाले. पंख्याखाली तासभर बसवलं. मधे चहा विचारला, मी तोऱ्यात नाही म्हटलं. तासाने त्यांच्या मनगटाचा वास घेतला तर जर्दाळू. माझ्या मनगटाला नुसत्या हाताचा वास.

"अत्तर तेच आहे, ताई," ते म्हणाले. "कातडी कोरडी पडली आहे. डॉक्टरांना दाखवा."

अत्तर विकणाऱ्या माणसाने माझी तब्येत काढावी याचा मला भयंकर राग आला. पण तो जर्दाळू माझ्याच कुपीतला होता, त्याला काय म्हणणार? आठवडाभर धुसफूस करून डॉक्टरांकडे गेले. रक्त तपासलं, थायरॉइड अगदीच मंदावलेलं निघालं. इतके दिवस काढलेत कसे, असं डॉक्टरांनी विचारलं. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी सुरू झाली.

दोन-तीन महिन्यांनी अंगात तरतरी आली आणि तिच्याबरोबर लाजही आली. सातही बायकांच्या घरी जाऊन चूक माझी होती असं सांगितलं. दोघींना ते ऐकून जरा जास्तच आनंद झाला. मग दुकानात गेले. माफी मागायची मला सवय नाही, वाक्य वाटेत पाठ केलं होतं. भिशीत काय काय बोलले ते सगळं सांगून टाकलं.

"माहीत आहे," ते म्हणाले. त्या सातजणींतली एकजण, मी भांडायला जाण्याच्या दोन दिवस आधीच दुकानात येऊन, माझं नाव घेऊन, त्यांना भेसळीबद्दल विचारून गेली होती.

म्हणजे मी तिथे तोऱ्यात बसले होते तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं. मला तोंड कुठे लपवू असं झालं. मग त्या दिवशी जाब का विचारला नाहीत, असं मी विचारलं.

त्यांनी हातातली काडी पुसून ठेवली.

"विचारणारच होतो. पण भर वैशाखात तुमचा हात बर्फासारखा गार लागला. भांडायचं कोणाशी?"