गच्चीवरचं बेकायदा झाड

कायद्याला घाबरणारी माणसं सुरतेत पुष्कळ आहेत, कायदा खिशात घालून फिरणारीही कमी नाहीत. पण कायद्यावर मनापासून प्रेम करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमचे घरमालक. डिंडोलीत त्यांच्या घराच्या तळमजल्यावर मी भाड्याने राहतो आणि जवळच्या मराठी शाळेत शिकवतो. ते वरच्या मजल्यावर एकटेच असतात. सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणते आणि शक्यतो लांबूनच म्हणते, कारण जवळ गेलं की आप्पा एखादा नियम समजावून सांगायला घेतात आणि मग घरी दूध उतू जातं.

पलसाण्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, आप्पांनी उभी हयात बॉयलर सांभाळला. बॉयलरचं सर्टिफिकेट शेजारच्या भिंतीवर काचेत लावलेलं असायचं, आणि आप्पांचं ठाम मत असं की बॉयलर वाफेवर चालत नाही, सर्टिफिकेटवर चालतो. कामावर गेले की आधी त्या काचेवर फडकं मारायचे आणि मग प्रेशर बघायचे. निवृत्तीनंतर सांभाळायला बॉयलर उरला नाही, म्हणून त्यांनी देश सांभाळायला घेतला. भर दुपारी चौकात चिटपाखरू नसताना लाल दिव्यापाशी स्कूटर थांबवून उन्हात उभा असलेला म्हातारा दिसला, की ओळखावं आप्पाच आहेत. पाणीपुरीवाल्याला ते परवाना विचारतात, आणि तो दाखवला की त्याचं अभिनंदन करून न खाताच पुढे जातात. एका धुळेटीला, म्हणजे आपल्या धुळवडीला, गल्लीत थंडाई घोटली. आप्पांनी पेला हातात घेतला आणि विचारलं, “यात भांग असेल तर ती कुठल्या दुकानातली?” तिथून सुरू झाले ते थांबेनातच. त्यांचं बोलून झालं तेव्हा पातेलं रिकामं होतं आणि आप्पांच्या हातातली थंडाई कोमट झाली होती. पुढच्या वर्षी त्यांना कुणी बोलावलं नाही. आप्पा खिडकीत उभे राहून रंग बघत होते. मला तेव्हा फार वाईट वाटलं.

बायको गेल्यापासून त्यांचं ऐकून घेणारं घरात कुणी नव्हतं. मुलगा एकुलता एक, हैदराबादला कॉम्प्युटरच्या कंपनीत. रविवारी त्याचा फोन यायचा. “पप्पा, जेवलात? गोळी घेतली? ठेवू?” आप्पा तिन्ही प्रश्नांना हो म्हणायचे. मग फोनकडे थोडा वेळ बघत बसायचे.

आप्पांच्या एकूण आयुष्यातली एकमेव बेकायदेशीर गोष्ट घडली ती अंबाडीवरून. बायकोने धरणगावहून माहेरचं बी आणून ठेवलं होतं, ते आप्पा दर पावसाळ्यात गच्चीवर जुन्या रंगाच्या ड्रमांमध्ये पेरत. अंबाडीचं पान हाताच्या बोटांसारखं फाकलेलं, कडेने दातेरी. एका रविवारी मुलाने व्हिडिओ कॉल केला तेव्हा आप्पा झाडांना पाणी घालत होते. मुलगा एकदम ओरडला, “पप्पा, ये क्या लगाया है? गांजा है ये!”

त्या पोराने लहानपणी अंबाडीची भाजी पातेलंभर खाल्लेली. पण ती त्याने ताटातच पाहिली होती. झाडाशी त्याची कधी गाठ पडली नव्हती. आप्पांनी ‘अंबाडी’ एवढा एक शब्द उच्चारला असता तर विषय संपला असता. आप्पांनी तो उच्चारला नाही. ते आपल्या अहिराणीत म्हणाले, “देखस. कायदामा काय शे, ते देखनं पडी.”

आणि त्या रविवारी मुलगा तासभर बोलला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला. मग रोजच येऊ लागला. “उपटलं का?” “अभ्यास चालू शे.” आप्पा खोटा अभ्यास करणारे नव्हेत, त्यांनी खरोखरच भांगेच्या कायद्याचा फडशा पाडायला घेतला. संध्याकाळी गच्चीवर फोन स्पीकरवर टाकून ते मुलाला व्याख्यान द्यायचे, ते मला खाली ऐकू यायचं. हिमालयातल्या एका राज्यात शेतकऱ्याला भांगेचं झाड लावायचा परवाना मिळतो, मात्र नशा न चढणाऱ्या जातीचा. बियांना सरकारने अन्न म्हणून मान्यता दिली आहे, तेलात नशेचा अंश किती चालेल तेही ठरलेलं आहे, तिकडे डोंगरात त्या बियांची चटणीच करतात. नुसत्या पानाला कायदा गांजा म्हणत नाही, गांजा म्हणजे फूल. झाड लावायचं तर राज्याची परवानगी हवीच. मुलगा मध्येमध्ये विचारायचा, “पण मग आपल्याकडे?” आणि आप्पा, ज्यांना वर्षानुवर्षं कुणी ‘पण मग’ म्हटलं नव्हतं, ते आनंदाने पुढचा नियम काढायचे.

मी एकदा वर गेलो आणि ड्रम पाहून सहज म्हणालो, “आप्पा, अंबाडी मस्त आली आहे.”

आप्पांनी जिन्याकडे पाहिलं. “सर, हळू बोला.”

मग सगळं सांगितलं. कसनुसं हसत म्हणाले, “खोटं मी एक अक्षर बोललेलो नाही. फक्त खरं बोलायचं राहिलं आहे. ते बोललं की रविवारचे तीन प्रश्न उरतील.” बॉयलरचा काटा लाल रेषेपाशी जाऊ न देणारा हा माणूस त्या दिवशी माझ्याकडे अपराध्यासारखा बघत होता. मी कुणाला सांगणार नाही असं म्हणालो.

पण आप्पांच्या व्याख्यानानेच आप्पांचा घात केला. दिवाळीच्या सुमारास अंबाडीला कळ्या आल्या आणि मुलाला त्या फोनवर दिसल्या. पान चालतं, फूल चालत नाही, हे त्याला बापानेच पाठ करून दिलं होतं. त्याने फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पोत्यासह दारात हजर झाला. झाडं उपटून पोत्यात भरायची आणि बापाला तुरुंगातून वाचवायचं, असा त्याचा बेत होता.

आप्पा म्हणाले, “पहिले जेवी ले.”

मलाही वर बोलावलं होतं. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी, वर लसणाची फोडणी घातलेली भाजी, कच्चं तेल. मुलाने घास घेतला आणि चावायचा थांबला. पुन्हा एक घेतला. मग मान खाली घालून म्हणाला, “मम्मीवाली भाजी.” आप्पांनी त्याच्या ताटात आणखी भाजी वाढली. जेवण झाल्यावर आम्ही गच्चीवर गेलो. फुलं उमलली होती, फिकी पिवळी, मध्ये गडद लाल. मुलाने पानाला हात लावला, मग एक तोडून चावून पाहिलं.

“पप्पा, मग सांगितलं का नाही?”

“तू इचारंच नही, अंबाडी शे का म्हनीसन,” आप्पा म्हणाले. “तू इचारं, गांजा शे का. त्यानाच अभ्यास करी ऱ्हायनू व्हतू.”

पोरगं हसलं, आणि हसता हसता पाण्याच्या टाकीला टेकून डोळे पुसू लागलं. पोतं तसंच पडून राहिलं. दोन दिवसांनी जाताना त्याने कोवळी पानं वर्तमानपत्रात बांधून घेतली. विमानतळावर कुणी अडवलं तर असू दे म्हणून आप्पांनी ‘सदर पाला अंबाडीचा असून भाजीसाठी नेत आहे’ असं कागदावर लिहून खाली सही केली. कंपनीने दिलेला जुना शिक्काही मारणार होते, पण तो अधिकार आता आपल्याला नाही हे त्यांना वेळेवर आठवलं.

पुढे काही आठवडे फोन लांबलचक यायचे, भाजी कशी करायची वगैरे. मग कामं वाढली असतील. आता पुन्हा रविवारी येतो. जेवलात, गोळी घेतली, ठेवू.

परवा आप्पा जिन्यात भेटले. अंबाडीचं बी वाळवून डब्यात भरत होते. इकडे तिकडे पाहून मला हळूच म्हणाले, “सर, तुमच्या पाहण्यात असं दुसरं एखादं झाड आहे का? दिसायला बेकायदा, पण खायला कायदेशीर?”

मी म्हटलं, विचारून सांगतो. शाळेत विज्ञानाच्या बाईंना विचारलं, बाजारात रोपवाल्याला विचारलं. अजून तरी मिळालेलं नाही. तोवर संध्याकाळी मीच वर जाऊन बसतो आणि मधूनमधून विचारतो, “पण मग आपल्याकडे, आप्पा?” आप्पा सांगतात, फक्त सांगताना फोन जवळ ठेवतात.