मामांची टपाली शेळी

जगातली कुठलीही विद्या टपालाच्या पाकिटात मावते, अशी आमच्या मामेसासऱ्यांची ठाम श्रद्धा होती. माझ्या बायकोचे हे थोरले मामा. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत बसून ते टपालाने हार्मोनियम शिकले, तेव्हा घरात हार्मोनियम नव्हती. बोटं पाटावर फिरायची आणि मामींनी ऐकू आल्यासारखं करायचं. पोहण्याचे धडे त्यांनी खाटेवर पालथं पडून गिरवले आणि परीक्षेत पासही झाले. खाडीकडे मात्र कधी फिरकले नाहीत, कारण पाण्यात उतरण्याचा भाग अभ्यासक्रमात नव्हता.

कोलशेतची त्यांची कंपनी बंद पडली आणि मामा घरात नुसत्या येरझारा घालू लागले. "पैशाचं निभेल, जावईबापू," ते मला म्हणाले, "पण आपल्यावाचून कुणाचं तरी अडावं, एवढं हवं माणसाला." म्हणून टिटवाळ्याला त्यांची थोडी जागा होती, तिथे राहायला जाऊन शेळीपालन करायचं ठरलं. शिकायचं अर्थातच टपालाने.

धडे मागेपुढे यायचे, आणि मामा ते आले त्याच क्रमाने अमलात आणायचे. पहिला आला तो रोगांचा. त्यामुळे शेळी नसतानाच मामांनी रिकाम्या गोठ्याला चुना मारला, फिनेल शिंपडलं आणि मामींना पाय धुतल्याशिवाय आत सोडेनात. कुणापासून कुणाला वाचवायचं, ते आम्हाला कळेना. मग खुराकाचा धडा आला, आणि शेळी आली. चांगली शेळी कशी निवडावी, हे तिच्यामागून आलं. ते वाचून मामा बरेच दिवस तिच्याकडे संशयाने बघत होते. तिचं पोट सुटायला लागलं तसा त्यांनी खुराक कमी केला आणि रोज सकाळी तिला स्टेशनपर्यंत चालवून आणू लागले.

"अहो, तिला दिवस गेलेत," मामी शेवटी म्हणाल्या.

"असतील. पण तो धडा अजून आलेला नाही," मामा म्हणाले. चेहरा मात्र उतरला. शेळीचं चालणं त्या दिवसापासून बंद झालं आणि मामांचं फाटकापर्यंत सुरू झालं, पोस्टमन दिसतोय का बघायला.

एका सकाळी शेळी कळवळून ओरडू लागली. मी तिथेच होतो. मामा गोठ्यात गेले, तिच्या पाठीवर हात ठेवू की नको करत बाहेर आले, आणि मला घेऊन थेट कल्याणच्या पोस्टात निघाले. धडा तिथेच अडकला असणार, असं त्यांचं म्हणणं. खिडकीवरच्या बाईंना ते काकुळतीने म्हणाले, "घरी बाळंतपण आहे हो." बाईंनी घाबरून डॉक्टरांचा पत्ता सांगितला. शेळीचं आहे म्हटल्यावर त्यांनी आधी मामांकडे, मग माझ्याकडे बघितलं. धडा काही मिळाला नाही.

परतलो तर गोठ्यात दोन करडं धडपडत उभी राहत होती आणि शेळी त्यांना चाटत होती. मामी बाजूला पाटावर बसल्या होत्या. "मी काहीसुद्धा केलं नाही," त्या म्हणाल्या. "तिचं तिनेच केलं."

मामा दारातच थबकले. शेळी वाचल्याचं हायसं वाटलं होतं, ते दिसतच होतं. तरी ते हळूच म्हणाले, "म्हणजे माझ्यावाचून काहीच अडलं नाही." मला फार वाईट वाटलं. अभिनंदन करावं की समजूत घालावी, तेच कळेना.

मामी उठल्या. धाकटं करडू उचलून त्यांनी मामांच्या हातात दिलं. "धरा हे. ओलं आहे, गारठलंय." मामांनी ते आधी उलटं धरलं, मग आडवं, मग सदऱ्याची बटणं काढून आत छातीशी घेतलं. त्याची थरथर थांबली तरी ते खाली ठेवेनात.

मामांना जाऊन आता वर्षं झाली. टिटवाळ्याच्या त्या जागेवर इमारत उभी आहे. मला मामा आठवतात ते त्या दुपारचे, गोठ्याच्या दारात, ते करडू कसं धरायचं हे कुणालाही न विचारता धरून बसलेले.