शेवंताची जोडवी

सुनेनं आज बाजारातून अळंबी आणली. तो ओल्या मातीचा वास नाकात शिरला आणि मला शेवंता गेली ती पहाट आठवली.

तेव्हा आम्ही कुडपणला राहायचो. शेजारच्या शेवंताला मी संध्याकाळी अळंबीच्या कालवणाची वाटी दिली, आणि पहाटे ती पोट धरून तळमळत गेली. आम्हीही तेच खाल्लं होतं, पण एखादी विषारी नेमकी तिच्या वाटीत गेली असेल, असं माझंच मन मला खात होतं. तिची सासू तर तोंडावर म्हणाली, "तुझ्याच वाटीनं गेली गो!"

पोलादपूरहून हवालदार आले पंचनाम्याला. बाईमाणसाचं अंग, म्हणून ते पाठमोरे उभे राहिले. म्हणाले, "बायांनो, केसापासून नखापर्यंत बघा, कुठं खूण दिसली तर सांगा." मी, तिची सासू नि आणखी एक शेजारीण, आम्ही तिघींनी पाहिलं, ओरखडासुद्धा नव्हता. मी जोडव्याला हात घातला तशी सासू खेकसली, "सवाष्ण हाय ती! जोडवी नाय काढायची."

मी काढलीच. जोडव्याच्या आड सुईनं टोचल्यासारखी दोन बारीक टिंबं होती. पुढे महाडच्या डॉक्टरांनी शव तपासून सांगितलं, मण्यारीचा दंश आहे, त्यात असंच पोट दुखतं.

गाव पुन्हा माझ्या घरचं पाणी प्यायला लागला. पण खरं सांगू? ती टिंबं दिसली तेव्हा माझ्या तोंडून निघालं होतं, "सुटले गो बाई!" शेवंताचा पाय माझ्या हातात होता. सासूनं ते ऐकलं, आणि तो पाय माझ्या हातातून काढून घेतला.

सून विचारतेय, "आई, अळंबी निवडू का?"