कृत्यांवरचा उपदेश

आमच्या जयपूरच्या छोट्या चर्चची बाकं मी फुकट बनवून दिली होती. त्याच बाकांवर बसलेल्या मंडळीला पाळकसाहेब दर रविवारी सांगायचे, पापातून तारण देवाच्या कृपेनेच मिळतं, आपल्या कृत्यांनी नाही. रिकाम्या हातांनी या शहरात येऊन सुतारकामाचं दुकान उभं केलेल्या मला ते झोंबायचं.

एकदा उपासनेनंतर मी त्यांना दारातच गाठलं. "साहेब, एखादा उपदेश कृत्यांवरही होऊ द्या. नाहीतर नव्या व्यासपीठाला दुसरा सुतार बघा."

ते हसले. "देवाच्या दारातही घासाघीस? बरं, पुढच्या रविवारी."

त्या रविवारी मी कोट घालून पहिल्या बाकावर बसलो. पाळकसाहेब म्हणाले, "कृपा फुकट असते, पण ती ज्याला मिळाली त्याची प्रीती कृत्यांत दिसते." मी मान डोलावली. "भावाशी अबोला धरून देवाला लाकूड वाहणं, हे काही ते कृत्य नव्हे."

माझ्या हाताखाली शिकलेल्या धाकट्या भावाने जयपुरातच, झोटवाड्यात दुकान काढून माझीच गिऱ्हाइकं नेली होती. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नव्हतो.

"यापेक्षा कृपाच बरी होती," घरी येऊन मी ओरडलो.

"तुम्हीच मागून घेतलंत की," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी झोटवाड्याला गेलो. भावाने रंधा खाली ठेवला. "दादा, भांडायला आलास?"

"नाही. चहा पाज."

त्याने अजूनही माफी मागितलेली नाही आणि गिऱ्हाइकांचं मी विसरलेलो नाही. व्यासपीठ मात्र आम्ही दोघांनी मिळून केलं. माझं ते जाणं कृत्य होतं की कृपा, हे मला अजून ठरवता येत नाही.